पथ्य सुटलं

१० नोव्हेंबर, रविवार

आज जेवायला बसल्यावर बाबांनी ताटाकडे बघून विचारलं, "ह्यां कोणाचां?"

मी म्हटलं, तुमचंच.

"माका वाटलां, गोरवाचां," ते म्हणाले आणि दुधीची फोड बोटानं थोडी बाजूला सरकवली, ती स्वतःहून गोठ्यात जाईल अशा अपेक्षेनं.

ताटात उकडलेला दुधी, दोन फुलके, मुगाचं वरण आणि काकडी होती. मीठ नावाला. खोबरं अजिबात नाही. खरं लिहायचं तर मी यातलं काहीच खाल्लं नाही. आमच्या खोल्या भाड्यानं घेऊन राहणाऱ्या पाहुण्यांसाठी केलेलं बांगड्याचं तिखलं उरलं होतं, ते स्वयंपाकघरात उभ्यानं खाल्लं, खिडकी लावून. वास बाहेर जाऊ नये म्हणून. माझे सासरे चाळीस वर्षं होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, होते. वारा कुठून कुठे जातो ते मी त्यांच्यापासून लपवणार होते.

दिवाळीच्या आधी बाबांना गोव्याला नेऊन हृदयात स्प्रिंगा बसवल्या. निघताना डॉक्टर म्हणाले होते, "तेल, मीठ, नारळ जरा सांभाळून." त्यातला 'जरा' मी वाटेतच कुठेतरी टाकून आले. आणि आमच्या देवबागेत नारळाशिवाय मासा होत नाही, म्हणून मासाही बंद झाला. माझा नवरा दत्तप्रसाद म्हणतो, डॉक्टरांनी दार लोटायला सांगितलं होतं, तू कुलूप घातलंस. त्याला बोलायला काय जातं. बाबांना रात्री घाम फुटला तेव्हा तो पाहुण्यांना घेऊन कर्लीच्या खाडीत होता. बाबांचा हात माझ्या हातात होता. तो हात किती थंड पडला होता ते मला ठाऊक आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज मी वाडीला पथ्य लावलं.

इथे कुणाच्याही घरात मासा शिजला की त्यातली वाटी कुंपणावरून शेजारी जाते. रिकामी वाटी कोणी परत करत नाही, त्यामुळे वाट्या बारा महिने फिरत असतात आणि कोणती कुणाची हे आता कुणालाच सांगता येत नाही. बाबांच्या नावानं दिवसाला दोन-तीन तरी येतात. म्हणून सकाळी आसपासच्या घरांत जाऊन सांगून आले की काही दिवस वाटी पाठवू नका.

सगळ्यांनी ऐकून घेतलं, फक्त पलीकडच्या रुक्मिणीकाकीनं नाही. ती म्हणाली, "मगे मुडदुशांचां सार दी. मुडदुशी पथ्याची."

मी म्हटलं, "काकी, पथ्य आहे म्हणूनच मासा द्यायचा नाही."

"अगो, पथ्य आसा म्हणानच मुडदुशी देवची."

आम्ही दोघी थोडा वेळ एकमेकींकडे बघत राहिलो. समोरच्या बाईला शिकवून उपयोग नाही, असं दोघींनाही वाटत होतं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

काकीचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं म्हणून कपाटातून जुना शब्दकोश काढला. मराठीत एम.ए. केल्याचा या घरात झालेला हा पहिला उपयोग. पथ्य म्हणजे हितकर, रोग्याला मानवणारं अन्न. जे टाळायचं ते अपथ्य.

म्हणजे काकी बरोबर होती. हे मी तिला सांगणार नाही.

मग आठवलं. वेंगुर्ल्याला माझे आजोबा वैद्यकी करायचे. रोगी ओटीवर बसून विचारायचा, "पथ्य काय करू?" आणि आजोबा काय रांधायचं ते सांगायचे: पेज, कुळथाची पिठी, जुन्या तांदळाचा भात. आज तोच प्रश्न कुणी डॉक्टरांना विचारला तर डॉक्टर काय सोडायचं ते सांगतील. दोन पिढ्यांत शब्द ताटाच्या एका बाजूनं उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. आणि तरी एखादी गोष्ट फायद्याची ठरली की आपण ती पथ्यावर पडली असंच म्हणतो. तिथे जुना अर्थ अजून मुकाट राहतो आहे.

हे सगळं मोठ्या उत्साहानं मी दत्तप्रसादला सांगितलं. तो म्हणाला, "छान. मग उद्या बाबांना जुन्या अर्थानं वाढ."

विचार केला. धीर झाला नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

बाबांचा सदरा खांद्यावरून उतरतो आहे. धुताना मला वाटलं सदराच सैल झाला. मग वाटलं, सदरे असे सैल होत नाहीत.

सकाळी होड्या येतात तेव्हा ते किनाऱ्यावर जायचे, आता जात नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, नुसतं बघून यायला तो काय सिनेमा आहे?

दुपारी सांगलीचे पाहुणे जेवत होते. बाबा त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. त्यांतल्या एकाला कुर्ली फोडता येत नव्हती. बाबांनी नांगी कशी दाबायची ते दाखवलं, आतलं मांस अख्खं बाहेर काढलं आणि त्या माणसाच्या ताटात ठेवलं. मग त्याचं चावून होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यानं गिळलं तेव्हा बाबांनीही गिळलं.

मी आत निघून आले. मी त्यांना वाचवते आहे की उपाशी मारते आहे? दोन्ही करणाऱ्या बाईचं तोंड साधारण सारखंच दिसत असावं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

काय लिहू आणि काय नको. आज तपासणी होती. डॉक्टर मालवणात येतात त्या दवाखान्यात गेलो. बाबांना ईसीजी काढायला आतल्या खोलीत नेलं होतं, तेवढ्यात डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. रिपोर्ट उत्तम आहेत. हृदय छान चाललं आहे. फक्त वजन फार उतरलं आहे. काय काय खायला देता असं त्यांनी विचारलं. मी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. ते ऐकताना त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

म्हणाले, "अहो, खाऊ द्या त्यांना. पथ्यबिथ्य पुरे. काय हवं ते खाऊ द्या. बेतानं."

दत्तप्रसादच्या डोळ्यांत पाणीच आलं. दोन महिन्यांची भीती होती ती. आम्ही बाहेर आलो तेव्हा बाबा बाकावर सदऱ्याची बटणं लावत बसले होते. त्यांनी वर पाहिलं, दत्तूच्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा बटणं लावू लागले. काही विचारलं नाही. आम्हीही काही बोललो नाही. म्हटलं, घरी गेल्यावर ताटातूनच सांगू, गंमत होईल.

वाटेत दत्तप्रसादनं मासळी बाजारापाशी गाडी थांबवली आणि अख्खी सुरमई घेतली. बाईनं सांगितला तो भाव देऊन टाकला. गाडीत बाबांनी विचारलं, "भाव करूक नाय?" तो म्हणाला, "आज कसला भाव, बाबा." त्यानंतर घर येईपर्यंत बाबा खिडकीबाहेर बघत होते. इतक्या दिवसांनी सुरमई मिळणार म्हणून गहिवरले असतील.

संध्याकाळी कुंपणावरून काकीला आनंदानं सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नको. त्यांना काय हवं ते खायला द्या."

काकीनं तोंडावर हात ठेवला. विचारलं, "दत्तूक ठावक आसा?"

म्हटलं, तो बरोबरच होता.

"रडलो?"

"जरासा."

"देवाक काळजी," म्हणून ती पदर डोळ्याला लावत आत गेली. किती जीव आहे तिचा बाबांवर.

झोपताना लक्षात आलं, 'बेतानं' हा शब्द सांगायचा राहिला. उद्या सांगते.

१५ डिसेंबर, रविवार

वाट्या परत सुरू झाल्या. नुसत्या सुरू झाल्या नाहीत, लोटल्या आहेत. सकाळपासून तिसऱ्यांचं सुकं, सुंगटांची म्हणजे कोळंबीची कढी, तळलेले सौंदाळे, कुणाकडून वडे-सागोती, आणि काकीचं मुडदुशांचं सार. पूर्वी वाटी कुंपणावरून यायची; आता माणूस वाटी घेऊन घरात येतो, बाबांच्या खाटेजवळ बसतो, होडीवरच्या जुन्या आठवणी काढतो आणि जाताना त्यांच्या पायाला हात लावतो. काकीनं तर बसून त्यांचे पाय चेपले. आजारपणानं माणसं अशी जवळ येतात. मी इतके दिवस ही माणुसकी कुंपणाबाहेर अडवून धरली होती याची लाज वाटली.

बाबांनी प्रत्येक वाटीतलं घासभर खाल्लं. आणखी घ्या म्हटलं तर म्हणाले, "सगळ्यांचा मान ठेवलंय."

बरेच दिवस पोट आवळलेलं आहे. हळूहळू वाढेल.

१७ डिसेंबर, मंगळवार

आज बाबल तांडेल आले. हे इतकं मोठं आहे की वेगळी ओळ द्यायला हवी.

बाबा आणि बाबलकाका पूर्वी एकाच रापणीत होते. किनाऱ्यावरून सगळे मिळून ओढतात ते मोठं जाळं म्हणजे रापण. एका वर्षी तारलीचा मोठा थवा लागला, आणि तो आधी कोणी पाहिला यावरून दोघांचं वाजलं. ज्यानं पाहिला त्याच्या डोळ्यांचं नाव होतं. त्यानंतर ते एकमेकांशी बोललेले नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दोघांचे रस्ते वेगळे, भजनात बसायच्या जागा वेगळ्या. देवबाग म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची पट्टी. इथे दोन माणसांनी एकमेकांना टाळून राहायचं म्हणजे मेहनतीचं काम. दोघांनीही ते नेटानं केलं.

ते आज दारात उभे राहिले. हातात काही नव्हतं. खाटेपाशी आले आणि उभ्यानंच म्हणाले, "सत्या, ती तारली पयली तूच बघलंस. माका दिसूकच नव्हती."

बाबांनी पाय आखडून खाटेवर जागा केली. म्हणाले, "बस."

दोन म्हाताऱ्यांचा इतका जुना राग असा एका वाक्यात संपावा. दत्तप्रसादला मी म्हटलं, बघ, बरं झालेल्या माणसाशी भांडण मिटवायलाही लोकांना हुरूप येतो.

मात्र रात्री बाबा जेवले नाहीत. पोट भरलंय म्हणाले.

२० डिसेंबर, शुक्रवार

माझी नणंद भक्तीताई अचानक डोंबिवलीहून आली. ऐन नाताळच्या गर्दीत तिकीट कसं मिळालं विचारलं तर म्हणाली, मिळालं. सहज आले म्हणाली. सहज आलेल्या माणसाच्या मानानं तिचे डोळे बरेच सुजलेले होते. प्रवासात तिला झोप लागत नाही.

बाबा सकाळी दत्तप्रसादला घेऊन परसात गेले. कुठल्या माडाला उंदीर लागतात, कुठला अजून दहा वर्षं फळ देईल, विहिरीचा कुठला दगड सैल आहे हे एकेक करून दाखवलं. दत्तप्रसाद कौतुकानं सांगत होता, बाबांना पुन्हा घरादारात रस वाटायला लागला. मलाही बरं वाटलं. पण लिहिताना वाटतंय, रस वाटणारा माणूस माड दाखवताना त्याच्या बुंध्यावर असा हात ठेवून उभा राहतो का? माहीत नाही. मला माडांतलं काही कळत नाही.

मला त्यांनी जवळ बोलावलं आणि म्हणाले, "चारुता, तू माका उपाशी ठेवलंस ता माझ्या बऱ्यासाठीच. माझ्या मनात काय नाय हां."

मी रडलेच. दोन महिने वाट बघत होते या वाक्याची.

२२ डिसेंबर, रविवार

माझी अक्कल.

पुढचं वाक्य लिहिण्याआधी हे एकदा लिहून ठेवते.

सकाळी बाबांची गादी उन्हात घालायला उचलली तर खाली गोळ्या. पांढऱ्या, गुलाबी, रक्त पातळ ठेवायच्या, सगळ्या. मी हातात घेऊन त्यांच्यापुढे धरल्या. ते शांतपणे म्हणाले, "आता कित्याक गो?"

माझ्या मनात आधी आलं की त्यांना बरं वाटतंय म्हणून गोळ्या नको झाल्या. ही माझी समज. गोळ्या मुठीत घेऊन मी तशीच कुंपणापाशी गेले, काकीकडे गाऱ्हाणं करायला. काकीनं ऐकलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "ऱ्हवांदे गो. आता त्रास देव नको. डॉक्टरान किती दिस सांगल्यान?"

मी म्हटलं, कसले दिवस?

मग आम्ही दोघी पुन्हा एकमेकींकडे बघत राहिलो.

पथ्य सोडा, हवं ते खायला द्या. हे डॉक्टर कधी म्हणतात ते मला माहीत नव्हतं का? होतं. वेंगुर्ल्यालाही माहीत होतं, सगळ्या कोकणाला माहीत आहे. औषधांनी हात टेकले की म्हणतात. मी शब्दकोश उघडून पथ्याचा जुना अर्थ शोधत बसले, नवा अर्थ शोधत बसले, आणि पथ्य सुटण्याचा जो अर्थ प्रत्येक घरातल्या माणसाला ठाऊक आहे तो मात्र तोंडानं वाडीभर वाटून आले. पायाला लावलेले हात. भक्तीताईचे डोळे. बाबलकाका.

मी धावत आत गेले आणि बाबांना सगळं सांगितलं: रिपोर्ट उत्तम आहेत, तुम्हाला काहीही झालेलं नाही.

बाबा माझ्याकडे इतक्या मायेनं बघून हसले की मला भीती वाटली.

"व्हय गो," ते म्हणाले. "माका ठावक आसा."

२३ डिसेंबर, सोमवार

त्यांना पटत नाही. कसं पटावं? जाणाऱ्या माणसाला सगळे हेच तर सांगतात.

रिपोर्ट दाखवले. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं उलटली आणि नीट घडी करून परत दिले. दत्तप्रसादनं शपथ घेतली. त्याला म्हणाले, "तू पोरगो बरो आसस." डॉक्टरांना फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला. डॉक्टर म्हणाले, काका, तुम्ही ठणठणीत आहात. बाबा कचेरीतल्यासारखं शुद्ध बोलले, "बरं साहेब. आभारी आहे." फोन ठेवल्यावर म्हणाले, "बरो माणूस. विमलाच्या वेळचो डॉक्टरय असोच गोड बोलायचो."

विमला म्हणजे माझ्या सासूबाई. मी या घरात येण्याआधीच गेल्या.

मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. शेवटी डॉक्टर म्हणाले होते, हवं ते द्या. तिला सुंगटां आवडायची. बाबा रोज खाडीतून ताजी आणायचे. ती विचारायची, रोज सुंगटां कशी काय, मी मरतंय काय? "मी पण विमलाक ह्यांच सांगलेलंय. तुका काय झाला नाय म्हणान. ती खावची. माझ्यासाठी खावची." मग म्हणाले, "आणि बाबल खोटां बोललो गो. ती तारली तेनाच पयली बघलेली. बाबल माझ्यासाठी खोटां बोलता म्हणजे तूच काय ता समज."

गोळी त्यांनी माझ्यासमोर तोंडात टाकली. मी पाठ वळवली आणि परत वळून बघितलं, तर ती गालात होती.

काय करू? जे खरं आहे ते सांगून होत नाही. गोळ्या थांबल्या तर स्प्रिंगा बंद पडतील. आज ना उद्या त्यांचंच खरं होईल, आणि ते माझ्या एका वाक्यामुळे.

२५ डिसेंबर, बुधवार

तिन्ही खोल्या भरलेल्या. सकाळपासून चुलीपुढे. त्यात पुण्याच्या पाहुण्यांपैकी एकीला कांदा चालत नाही आणि दुसरीला मासा वास न येणारा हवा. दुपारी घरच्यांची पंगत बसली तेव्हा माझं डोकं ठणकत होतं. हे आधी लिहिते, कारण पुढं जे झालं त्यात मी काही शहाणपणा केला असं वाटायला नको.

बाबलकाका कागदात बांधून खारा बांगडा घेऊन आले. उन्हात वाळवलेला, मिठात मुरलेला, निखाऱ्यावर भाजलेला. होडीवर असताना दोघं तोच खायचे म्हणे. भक्तीताईनं तो बाबांच्या ताटात वाढला. बाबांनी मोडायला हात पुढे केला.

आणि माझा हात गेला. मी तो बांगडा उचलून परत कागदात टाकला.

"हा नाही," मी म्हटलं.

भक्तीताई म्हणाली, "अगो खाऊंदे गो तेंका. आता काय..."

"नाही म्हणजे नाही. मिठाचा गोळा आहे तो. जानेवारीत पुढची तपासणी आहे. बीपी वाढलेलं निघालं तर डॉक्टर मला बोलणार, तुम्हाला कुणाला नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. जाणाऱ्या माणसाच्या ताटातला घास काढून घेणारी सून देवबागेनं बहुधा पाहिली नसावी. बाबलकाका उंबऱ्यावर बसले होते ते उभेच राहिले.

बाबांचा हात तसाच ताटावर होता. "वायच?" ते म्हणाले.

"नखभरसुद्धा नाही."

"बाबलान आणल्यान तरी?"

"कुणीही आणला तरी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी खरोखरच चिडले होते आणि ते माझ्या तोंडावर दिसत असणार.

"जानेवारीत?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या आठवड्यात. आणि कुरकुर न करता यायचं."

"खराच देवचंस नाय?"

"खरंच देणार नाही."

बाबांनी ताट जवळ ओढलं. "मगे सोलकढी तरी वाढ," म्हणाले, आणि भात कालवून जेवायला लागले. नुसते घास मोडत नव्हते, जेवत होते. सुरमईची तुकडी संपवली, आणखी भात मागितला, तो मी अर्धाच वाढला, त्यावरही ते बोलले. हात धुऊन आल्यावर दत्तप्रसादवर खेकसले, "माझी गोळी खंय आसा? येळेर देवक नको?"

डॉक्टरांच्या कागदावर, लेकाच्या शपथेवर न बसलेला विश्वास एका बांगड्यावर कसा बसला? मी संध्याकाळी भक्तीताईला विचारलं. ती भांडी पुसत होती. पुसता पुसता थांबली.

"आईक त्या दिसांत कोणीच कसल्याक 'नाय' म्हणूक नाय," ती म्हणाली.

२७ डिसेंबर, शुक्रवार

वाडीत बातमी पोचली की सत्यवान तांडेल जात नाहीत. सगळ्यांना आनंद झाला, आणि थोडी फसवणूक झाल्यासारखंही वाटलं. काकी म्हणाली, मी बारा दिस रडलंय, ता कोण भरान देतला? मी म्हटलं, माझीच चूक. ती म्हणाली, चूक तुझी नाय, तुझ्या शिकण्याची.

भक्तीताई उद्या परत जाणार. जाताना न्यायला तिच्यासाठी कोकम बांधून ठेवलं.

संध्याकाळी बाबलकाका आले आणि या वेळी बसायच्या आधीच म्हणाले, "सत्या, ती तारली मीच बघलेलंय. ता माघारी घेतंय."

"माका ठावक आसा," बाबा म्हणाले, "पण बोललंस ता बोललंस. बाहेर बसून चार जणांनी आयकलांनी." मग दोघं इतके भांडले की पाहुणे खोल्यांतून बाहेर आले. भांडण मिटवायला मी चहा घेऊन गेले तर दोघंही माझ्यावरच रागावले, मध्ये बोलतेस म्हणून.

२९ डिसेंबर, रविवार

मनाला एक टोचणी आहे. डॉक्टर म्हणाले होते, बेतानं सगळं चालेल. मिठाचं सोडलं तर मी घालते आहे त्यातलं एकही बंधन त्यांनी घातलेलं नाही. म्हणजे मी रोज खोटं बोलते. आणि बाबांनाही ते कळतं असा मला दाट संशय आहे. काल पाहुण्यांना सांगत होते, सुनेनं माझं खाणं बंद केलंय, आणि सांगताना सुरमई खात होते. कोण कोणाला सांभाळून घेतं आहे ते मला नीट सांगता येणार नाही.

आज सकाळी मी ओट्यावर सौंदाळे साफ करत होते. बाबा किनाऱ्यावरून आले, पायाला वाळू, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. पलीकडे काकी कपडे वाळत घालत होती. तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यांनी विचारलं, "चारुता, आज काय काय खावचां नाय?"

"पापड," मी म्हटलं.

"आणि?"

"लोणचं."

ते हलले नाहीत. "आणि?"

मला आणखी काही सुचेना. घरात होतं नव्हतं ते सगळं आठवून पाहिलं. मग म्हटलं, "आणि मे महिन्यात हापूस दिवसाला एकच."

"एक? माका?" बाबांचा आवाज चढला. "दोन."

"एक."

"दोन. आणि पिकलेलो फणस."

"फणस नाहीच. आणि आंबा एकच, तोही जेवणानंतर."

ते तडक कुंपणाकडे गेले. सौंदाळे पाण्याखाली धरून मी ऐकत होते. सून मे महिन्यात आपल्याला एकच आंबा देणार आहे, हे ते काकीला सांगत होते. पुन्हा सांगत होते, काकीला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नसेल म्हणून.